डहाणू बोलतेय

दारावरची बेल वाजली की माणसं "कोण आहे?" असं विचारतात. आमची कुंदाआत्या "कोण बोलतंय?" असं विचारते. बाहेर दूधवाला असो की विजेच्या मीटरचं रीडिंग घेणारा, त्याने आधी नाव सांगायचं, मग गाव, आणि त्यानंतर कडी निघते. एकदा शेजारच्या बाई वैतागून "अहो, मी बोलतेय, मी!" असं ओरडल्या, तर आतून शांतपणे उत्तर आलं, "मी इथे आहे. आपण कोण?"

आत्या डहाणूच्या टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर होती. ट्रंक कॉलच्या जमान्यात नोकरीला लागली. पुढे लोक आपले आपणच नंबर फिरवू लागले, ऑपरेटरांचं काम संपलं आणि तिला बिलाच्या खिडकीत बसवलं. २०१४ साली ती निवृत्त झाली. पण मनाने ती कानाला हेडफोन लावूनच घरी आली. आशागडला दोन खोल्यांत एकटी राहते. कुणी गप्पा मारायला आलं आणि जरा लांबण लावली, की म्हणते, "तीन मिनिटं झाली." ट्रंक कॉलला तीन मिनिटं झाली की ऑपरेटर मध्येच बोलून सांगत असे. मग पलीकडचा माणूस गयावया करायचा, "बाई, अजून तीन द्या!" आत्याला वाटलं तर द्यायची. नातेवाईक तिच्याकडे जात नाहीत, त्याचं कारण म्हणून ते हेच वाक्य सांगतात. खरं कारण निराळं आहे, आणि तेही सांगणार आहे.

निवृत्तीनंतर बायका चारधामला जातात, आत्याने कॉम्प्युटर घेतला. शिकवला मी. मी तळासरीच्या शाळेत मराठी शिकवते, आणि मराठीच्या बाईंना कॉम्प्युटर येतो याचं तिला फार अप्रूप. एकदा बोलता बोलता मी तिला सांगितलं की वेबसाइटचं नाव कुणाला तरी आपलं नाव-पत्ता देऊन नोंदवून घ्यावं लागतं, आणि ते कुणी घेतलं, कधी घेतलं, हे कुणालाही फुकट बघता येतं. हूइज म्हणतात त्याला. आत्या खुर्चीत ताठ झाली.

"म्हणजे डिरेक्टरी!" ती म्हणाली. "मग बरोबर आहे. नंबर घेतला म्हणजे नाव द्यायलाच हवं."

झालं. त्या दिवसापासून मिठाईच्या खोक्यावर, लग्नपत्रिकेवर, औषधाच्या पिशवीवर, कुठेही वेबसाइट छापलेली दिसली की आत्या घरी जाऊन तिचं कूळ काढायची. आमची आजी नरपडहून टोपली घेऊन मासळी विकायला यायची, त्यामुळे आत्याचा शब्द ठरलेला, "कल्ला उघडून बघितलास का?" पापलेट वरून कितीही चकचकत असलं तरी कल्ला उचलून तो लाल आहे की काळपट हे बघायचं, तसंच साईटचंही. साईट नुकतीच घेतलेली निघाली आणि दुकान म्हणतंय की आम्ही आजोबांपासून आहोत, की आत्या निकाल द्यायची, "कल्ला काळा."

डहाणूत एक नवे दातांचे डॉक्टर आले. पाटीवर वेबसाइट, वेबसाइटवर 'पंचवीस वर्षांची अखंड सेवा'. डॉक्टर दिसायलाच जेमतेम तिशीचे. आत्या खुर्चीत आ वासून बसलेली, डॉक्टरांच्या हातात ड्रिल. तिने हाताने थांबा म्हटलं, चूळ भरली आणि म्हणाली, "डॉक्टर, तुमची साईट गेल्या फेब्रुवारीत घेतलीय. नावही तुमचं नाही. हे गृहस्थ कोण?" डॉक्टर म्हणाले, "सासरे." आत्या म्हणाली, "मग सेवा त्यांची असेल. चालू द्या." आणि पुन्हा आ वासला. डॉक्टरांनी त्या दाढेवर मनापासून काम केलं असं तिचं म्हणणं आहे.

एवढ्यावर थांबती तरी बरं होतं. पण डिरेक्टरीत नावाबरोबर फोन नंबरही असायचा, आणि समोर नंबर दिसत असताना गप्प बसेल ती ऑपरेटर कसली? आत्या सरळ फोन लावायची. "डहाणूहून बोलतेय. आपल्या नावावर साड्यांची साईट आहे. आपण स्वतः बोलताय का?" सुरतेचा एक साडीवाला इतका घाबरला की त्याने पहिलंच वाक्य टाकलं, "बेन, टॅक्स तो भरेलो छे!" आत्याने त्याला धीर दिला आणि कल्ला लाल असल्याचं प्रमाणपत्रही तोंडी देऊन टाकलं.

इथवर हसण्यासारखं होतं. मग निलेशचं प्रकरण झालं.

निलेश माझा धाकटा भाऊ. बाबांची नरपडला होडी आहे, पण पोराने होडीवर न जाता मोठ्या जहाजावर जावं ही बाबांची इच्छा. मुंबईच्या एका एजंटने परदेशी जहाज कंपनीची वेबसाइट दाखवली. निळं पाणी, पांढरं जहाज, टोप्या घातलेले गोरे अधिकारी. बाबांनी अख्ख्या नरपडला सांगून टाकलं. निलेशने टोपीसाठी डोक्याचं माप घेतलं. एजंटला नोकरीचे पैसे भरायच्या आदल्या दिवशी बाबा आत्याकडे पेढे घेऊन गेले, आणि आत्याने पेढा हातात धरून विचारलं, "साईटचं नाव काय?"

कंपनी म्हणे चाळीस वर्षांची जुनी. साईट त्याच महिन्यात घेतलेली. डिरेक्टरीतल्या नंबरवर आत्याने फोन लावला, तर पलीकडे मोबाइलचे रिचार्ज मारणारा दुकानदार निघाला. जहाज त्याने फक्त सिनेमात पाहिलं होतं. त्याचं नाव-पत्ता कुणीतरी परस्पर वापरलं होतं.

"दादा, कल्ला काळा आहे रे," आत्या म्हणाली. "पैसे भरू नकोस."

बाबांनी पैसे भरले नाहीत. पुढे त्या एजंटच्या ऑफिसला कुलूप लागलं, नरपडचीच दोन घरं त्यात बुडाली. एखाद्याला वाटेल की बाबांनी बहिणीचे पाय धरले असतील. बाबा म्हणाले, "कुंदीच्या नादी लागलो आणि पोराचं जहाज गेलं." ते आजही हेच म्हणतात. कुलूप लागलं त्यालाही, त्यांच्या मते, आत्याचा फोन कारण आहे. निलेश होडीवर जायला लागला आणि गणपतीला आत्याला बोलावणं यायचं बंद झालं. ज्या घरात ते गणपती बसतात ते आत्याच्या पगारावर उभं आहे. आजीचं आजारपण, होडीचं इंजिन, सगळं त्यातूनच झालं. तिचं लग्न काढायचं मात्र कुणाला सुचलं नाही. पगार चालू होता ना. मला माझ्या माणसांची चीड येते ती इथे.

मग २०१८च्या उन्हाळ्यात डिरेक्टरीतली नावंच गेली. युरोपात कसलासा कायदा झाला आणि साईट घेणाऱ्यांची नावं, पत्ते, फोन सगळं झाकून टाकलं. आत्याने मला शाळेत फोन केला, भर तासात.

"अगं वर्षा, नावं खोडली कुणीतरी! जन्मतारीख तेवढी ठेवलीय, बापाचं नाव खोडलंय!"

मी तिला समजावलं की हे लोकांच्या भल्यासाठी आहे, खासगीपणा असतो. ती म्हणाली, "लपायचं असेल तर घरात बसा. दुकान कशाला मांडता?" त्यानंतर ती बरीच शांत झाली. बेल वाजली तर नुसतीच कडी काढायला लागली, आणि मला ते अजिबात आवडलं नाही.

पुढच्या वर्षी दिवाळीच्या सुट्टीत मी आशागडला गेले. दार नुसतं लोटलेलं होतं. आत आत्या मोबाइलवर बोलत होती, गुजरातीत, आणि हसत होती. मला हाताने बस म्हणाली. अर्धा कप चहा आणि दोन चकल्या झाल्या तरी तिचं बोलणं चालूच. ही बाई मला तीन मिनिटांच्या वर कधी ऐकून घेत नाही.

"कोण गं?" फोन ठेवल्यावर मी विचारलं.

"वापी," ती म्हणाली आणि चक्क लाजली.

ते तिने मला त्या दिवशी पहिल्यांदा सांगितलं. ऑपरेटरने लाइनवर स्वतःचं नाव सांगायचं नाही असा तेव्हा नियम होता. गावाचं नाव सांगायचं. ती डहाणू. पलीकडे वापीच्या एक्स्चेंजला एक जण होता, तो वापी. कॉल जोडून झाला की दोघं मिनिटभर बोलायचे. तो रोज विचारायचा, "डहाणू, चिकू पाक्यां?" हिने म्हणायचं, "अजून कच्चे आहेत." वर्षानुवर्षं एवढंच. मग एके दिवशी लाइन स्वयंचलित झाली आणि वापीचा आवाज बंद झाला.

"नाव नाही विचारलंस?"

"नियम होता ना," आत्या म्हणाली.

आता जुन्या टेलिफोन कर्मचाऱ्यांच्या मेळाव्याची एक वेबसाइट तिला सापडली होती. तिथे तिने लिहिलं होतं, 'वापीला दुपारपाळीला जे असत, त्यांनी डहाणूला फोन करावा,' आणि खाली आपला नंबर. थोड्या दिवसांनी फोन आला, "हॅलो डहाणू? हुं वापी बोलुं छुं." तेव्हापासून रोज येतो.

मी साईटचं नाव विचारून घेतलं. ती चहा गरम करायला आत गेली तेव्हा मी तिच्याच कॉम्प्युटरवर ती साईट उघडली. पेन्शनची थकबाकी मिळवून देतो, बँकेचा तपशील भरा, असं पहिल्याच पानावर होतं. हूइज काढलं. साईट उन्हाळ्यात घेतलेली, नाव झाकलेलं. आत्याचं आयुष्यभराचं साठवलेलं पेन्शनच्या एकाच खात्यात आहे. आणि जी बाई डॉक्टरच्या सासऱ्यापर्यंत पोचली, तिने इथे कल्ला उघडला नव्हता. मला रडू येईल असं वाटलं.

"आत्या," ती बाहेर आल्यावर मी म्हटलं, "हा तुझा वापी नाही."

"माहितीय," आत्या म्हणाली आणि कप माझ्यासमोर ठेवला. "साईट पहिल्याच दिवशी बघितली मी. कल्ला काळा आहे. त्यालाही विचारलं, तू मला रोज काय विचारायचास? म्हणाला, तबियत."

"मग?"

"मग काय, चिकूचं मी शिकवलं त्याला. आता रोज विचारतो."

"अगं, पण कोण आहे तो? नावसुद्धा झाकलंय!"

"त्या वापीचं तरी कुठे होतं माझ्याकडे?" ती म्हणाली. मग माझा चेहरा बघून माझ्या हातावर थोपटलं. "घाबरू नकोस. खात्याचा नंबर मागेल त्या दिवशी लाइन कापीन. लाइन कापायचीच तर नोकरी केली मी."

तेवढ्यात मोबाइल पुन्हा वाजला. आत्याने पदर सारखा केला, पाठ ताठ केली. "हॅलो, डहाणू बोलतेय." पलीकडून काहीतरी आलं आणि ती मराठीत म्हणाली, "नाही रे, अजून कच्चे आहेत." खिडकीबाहेर शेजाऱ्यांच्या झाडावर चिकू लगडले होते.

मी भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत बसले. त्या माणसाचा गळा धरावा असं वाटत होतं, आणि माझ्या बाबांचाही. शेवटी न राहवून हळूच म्हटलं, "आत्या, तीन मिनिटं झाली."

तिने मोबाइलवर तळहात ठेवला आणि माझ्याकडे बघितलं.

"बाई," ती म्हणाली, "अजून तीन द्या."