संयोगिताचे घोट

संयोगिता बाबरचा बिअर पितानाचा फोटो कुणी पाहिला की संयोगिताच्या पोटात बिअरचा एक घोट जायचा. हे कासारशेतच्या डॉक्टरांनी स्वतः खात्री करून सांगितलं, त्यामुळे त्याबद्दल गावात वाद नव्हता.

संयोगिता कासारशेत हायस्कूलच्या मुलींच्या खो-खो संघाची कप्तान होती, दहावीत होती. जिल्हा जिंकल्यावर संघातल्या चार मुली तलावावर भेळ खायला गेल्या. तिथं एकीच्या पिशवीतून तिच्या मोठ्या भावाच्या बिअरच्या बाटल्या निघाल्या. तिघींनी त्या नुसत्या हातात धरल्या. संयोगिताने तोंडाला लावली, एक घोट घेतला, तोंड वाकडं केलं आणि उरलेली मातीत ओतली. पण त्याआधी त्या तिघींतल्या प्राची लोंढेने हात लांब करून चौघींचा फोटो काढला होता. तिने तो फक्त जवळच्या मैत्रिणींना दिसेल असा इन्स्टाग्रामवर टाकला. सकाळपर्यंत तो भजनी मंडळाच्या ग्रुपवर आला होता.

सोमवारी शाळेत प्रतिज्ञा म्हणताना संयोगिता 'विविधतेने नटलेल्या परंपरांचा' इथपर्यंत आली आणि आडवी झाली. तिला दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी तिच्या तोंडाचा वास घेतला, डोळे तपासले.

"बरीच प्यायली आहे," ते म्हणाले.

"रात्रीपासनं माझ्या डोळ्यासमोर आहे ती," तिची आई मालनताई म्हणाल्या. त्या ब्लाउज शिवून घर चालवायच्या. "चहाशिवाय काही घेतलं नाही तिनं."

डॉक्टरांनी फोटोबद्दल ऐकलं होतं, पाहिला नव्हता. कंपाउंडरने फोन पुढे केला. त्यांनी पाहिला, आणि खाटेवर संयोगिताचा गळा हलला. त्यांनी बोटांनी फोटो मोठा केला. तिने मोठा घोट गिळला. इतर तीन मुलींना बोलावून विचारलं, तर त्यांना काही चढलं नव्हतं. फक्त त्यांचे तळहात सतत गार आणि ओले असायचे, वह्या भिजायच्या.

"लोकांना फोटो बघू नका म्हणावं," डॉक्टरांनी सलाईन लावत सांगितलं. "लिव्हर लहान आहे तिचं."

मुख्याध्यापक खराडे सरांनी तशी सूचना गावभर दिली. सूचना कोणत्या फोटोबद्दल आहे हे ज्यांना माहीत नव्हतं, त्यांनी तो मिळवून पाहिला. दुपारी संयोगिताला दुसरी सलाईन लावावी लागली.

शिस्तपालन समितीची बैठक बुधवारी झाली. विभागीय अंतिम सामना शाळेच्याच मैदानावर रविवारी होता, म्हणून घाई होती. समितीत खराडे सर, संस्थेचे सचिव अप्पासाहेब आणि खो-खोचे नदाफ सर होते. मालनताई संयोगिताला हाताला धरून घेऊन आल्या होत्या. तिला खुर्चीवर बसवलं. ती खुर्चीचे दोन्ही हात घट्ट पकडून होती.

"नियमाप्रमाणे पुरावा सर्व सदस्यांनी पाहायला हवा," अप्पासाहेब म्हणाले.

"मी पाहणार नाही," नदाफ सर म्हणाले. "अजून पाहिलेला नाही."

"पुरावा न बघता शिक्षा कशी द्यायची?"

"बघितला तर ती इथं, ऑफिसात पिणार. शाळेच्या आवारात मद्यपान. त्याला थेट दाखला हातात द्यायचा नियम आहे."

खराडे सरांनी नियमाचं पान काढून पाहिलं. तसंच होतं. मग असं ठरलं की अप्पासाहेबांनी सर्वांच्या वतीने फोटो पाहावा, पण एकाच डोळ्याने. त्यांनी पाहिला. संयोगिताने अर्धा घोट घेतला, आणि अर्ध्या घोटाला नियम नसल्यामुळे ते सोडून देण्यात आलं.

"तू प्यायलीस हे कबूल आहे?" खराडे सरांनी विचारलं.

"एक घोट, सर." तिची जीभ जड झाली होती. "माझ्या हातानं एकच."

"आज तू उभी राहू शकत नाहीस. हे एका घोटाचं नाही."

"नाही सर."

"मग बाकीचं कुणी पाजलं?"

संयोगिताने सरांकडे पाहिलं. मालनताई उठल्या.

"पहिला घोट तिचा," त्या म्हणाल्या. "त्याची शिक्षा द्या, मी घरीपण दिली आहे. बाकीचे घोट गावाचे. माझा पण एक आहे त्यात. शेजारणीनं फोन नाकासमोर धरला, मी बघितलं."

नदाफ सरांनी नियमाचं पान आपल्याकडे ओढलं आणि पुढचं कलम वाचलं. विद्यार्थ्यास मद्य पाजणाऱ्या इसमास शाळेच्या मैदानावर वर्षभर प्रवेशबंदी.

"हे पानवाल्यांसाठी लिहिलंय," अप्पासाहेब म्हणाले.

"पानवाल्यांसाठी असं लिहिलेलं नाही."

अप्पासाहेबांनी स्वतः वाचलं. तसं लिहिलेलं नव्हतं. मग मुद्दा निघाला की तिच्याबरोबरच्या मुलींनीही फोटो पाहिलाय, आणि सगळ्यांनाच बंदी घातली तर संघ उरत नाही. यावर खराडे सरांनी कायदा सांगितला की अल्पवयीन व्यक्ती पिऊ शकते, पाजू शकत नाही. ते सर्वांना पटलं, आणि फोटो पाहिलेल्या सगळ्या मोठ्या माणसांना वर्षभर मैदानबंदी झाली.

संयोगिताची शिक्षा ठरवायला वेळ लागला. एका बाटलीला एक महिना मैदानबंदी असं लिहिलं होतं, घोटाचं काही नव्हतं.

"एका बाटलीत पंचवीस-तीस घोट असतात," अप्पासाहेब म्हणाले, आणि लगेच, "असं ऐकून आहे."

तेव्हा तिला एक दिवसाची बंदी झाली. तो दिवस तिने घरी झोपून काढला. तिला तसंही उठता येत नव्हतं.

संध्याकाळी प्राची आली. ती दारातच उभी राहिली. तिने अजून मूळ फोटो काढून टाकला नव्हता.

"काढायचा तर उघडावा लागतो," ती म्हणाली. "उघडला की तुला..."

"उघड."

"आधी काहीतरी खाऊन घे."

संयोगिताने आईकडून अर्धी भाकरी घेतली, ती खाल्ली, मग भिंतीला टेकून बसली आणि मान हलवली. प्राचीने फोटो उघडला आणि काढून टाकला. संयोगिताने घोट गिळला. त्यानंतर दोघी बराच वेळ शेजारी बसून राहिल्या. प्राची रडत होती आणि संयोगिता तिच्या पाठीवर हात ठेवायचा प्रयत्न करत होती, पण हात दरवेळी बाजूच्या उशीवर पडत होता.

फोटो लोकांच्या फोनमध्ये होताच. मात्र मैदानबंदीची बातमी पसरल्यावर गावातले बरेच लोक तो पाहायचे थांबले. संयोगिता शनिवारी चालायला लागली.

रविवारी सामन्याला मैदानाच्या पायऱ्यांवर कुणी नव्हतं. गाव आलं होतं, पण कुंपणाच्या भिंतीबाहेर बसलं होतं, मैदानाकडे पाठ करून, कारण पाहणं हासुद्धा प्रवेशच आहे असं खराडे सरांनी स्पष्ट केलं होतं. ते स्वतः पहिल्या रांगेत पाठमोरे बसले होते. त्यांच्याशेजारी अप्पासाहेब. मालनताईंनी थोडं लांब, भिंतीला पाठ टेकून बसकण मारली होती. आत दोन संघ, पंच, आणि एकटे नदाफ सर.

शेवटच्या डावात एक गुण हवा होता. समोरच्या संघाची शेवटची मुलगी खांबाजवळ हुलकावण्या देत होती. संयोगिताला खो मिळाला, ती उठली, दोन पावलं धावली आणि एकदम झुकली. कुठेतरी, पुण्यात किंवा दुबईत, कुणीतरी फोन उघडला होता. पंचांनी शिट्टी वाजवून घड्याळ थांबवलं.

"किती?" त्यांनी विचारलं.

"एकच, सर. लहान आहे."

"खेळणार?"

"खेळते."

पंच थांबले. समोरची मुलगीही खांब धरून थांबली. संयोगिताने डोळे मिटून श्वास घेतला, उघडले, मान हलवली. शिट्टी झाली. तिने खांबावर सूर मारला. तो नेहमीसारखा सरळ नव्हता, जरा डावीकडे गेला, आणि ती मुलगीही हुलकावणी देत डावीकडेच गेली होती.

भिंतीबाहेर लोकांना लांब शिट्टी ऐकू आली. नदाफ सर भिंतीपाशी आले.

"मालनताई, जिंकलो."

"पोरगी उभी आहे का?"

"उभी आहे."

मालनताईंनी पदराने तोंड पुसलं. मागे वळून मात्र पाहिलं नाही.

बक्षीस मिळाल्यावर नदाफ सरांनी संयोगिताच्या हातात लिंबू सरबताचा पेला दिला आणि प्राचीला फोन काढायला सांगितला. "पी," ते म्हणाले. तिने पेला ओठांना लावला. प्राचीने फोटो घेतला आणि या वेळी सगळ्यांना दिसेल असा टाकला. खराडे सरांनी तो शाळेच्या ग्रुपवर, भजनी मंडळाच्या ग्रुपवर, सगळीकडे पाठवला.

तो फारसा कुणी उघडला नाही. मालनताई मात्र शिवताना मध्येच मशीन थांबवतात आणि फोन घेऊन तो पाहतात. तेव्हा वर्गात संयोगिता ओठ पुसते आणि फळ्यावरचं उतरवून घेते.