धुरपदाबाईंच्या न्हाणीतील दांड्याची हकीकत

॥ श्री रामलिंग प्रसन्न ॥

येडशी मुक्कामी न्हाणीतल्या दांड्यावरून जी मोहीम जाहली, तिजविषयी लोक नाना परींनी बोलतात, आणि जो तो आपणांसच वीर म्हणवितो, म्हणोन खरे वर्तमान लिहून ठेवणे प्राप्त जाहले. लिहिणार विविध कार्यकारी सोसायटीचा गटसचिव. ठराव लिहून लिहून हात गोष्ट फुगवून लिहिण्यास सरावला आहे, तो दोष हाताचा समजावा.

शके १८९५, प्रमादीनाम संवत्सर, वैशाख मास. मुलखात दुष्काळ थोर. विहिरींनी तळ दाखविले, आणि टँकरची स्वारी दिवसाआड येई, आणि स्नानास माणशी एक घागर मुक्रर जाहली. ऐशा समयी सोसायटीचे चेअरमन हिंमतराव यांच्या मातोश्री धुरपदाबाई, उमर सत्तरीपलीकडे, न्हाणीतल्या दगडावरून उठताना घसरल्या, आणि कंबर दुखावली, आणि घागर लवंडली. त्यांनी शोक घागरीचाच अधिक केला. मग हिंमतरावांनी हुकूम फर्माविला की, उपरांत मातोश्रींनी एकट्याने न्हाऊ नये, दारास आतून कडी घालू नये, सूनबाई सत्यभामा यांनी आत राहून, धरून न्हाऊ घालावे. हुकूम मायेपोटीच होता. परंतु लग्न होऊन या घरी आल्यापासून कडी लावून न्हाणे, एवढीच काय ती म्हातारीची खास जहागीर, तीच जप्त जाहली. बाईंनी स्नानच सोडिले आणि उलट फर्मान काढिले:

"मेल्यावर समदे मिळून न्हाऊ घालत्यालच की. जित्ती हाय तवर माझी म्या न्हाईन, न्हाय तर न्हाय!"

पाच दिवस लोटले. आईचे पारोसे अंग पाहून हिंमतराव बहुत कष्टी जाहले आणि भिंतीस धरावयास काही बसवावे, ऐसी तजवीज काढिली. आता या गृहस्थांची चाल ऐसी की, घरात मीठ संपले तरी सभा बोलवावी. म्हणोन कचेरीत संचालक जमा जाहले, आणि दुष्काळातही चहा दोन वेळा फिरला, आणि मग खल सुरू जाहला. महारुद्र, पूर्वीचे पैलवान, देहे मातबर, त्यांनी मोटेचा नाडा, तो जाड दोर, सुचविला: विहिरी कोरड्या, तो बेकार पडला आहे, तुळईस टांगावा आणि धरून उठावे. परीक्षेस कचेरीच्या आढ्यास नाडा बांधून ते जातीने लोंबकळले, आणि झोका बसला, आणि पैलवान टेबलासह भुईस आले. नाडा बाद. मग बलभीम सुतारांनी बाभळीच्या दांड्याची शिफारस केली, तेव्हां कोणी म्हटले की लाकूड पाण्याने कुजेल, आणि बलभीम दोन घटका रुसले. शेवटी गावच्या बोअरचा लोखंडी पाइप निघाला. बोअर दोनशे फूट खाली गेली, धूळच लागली, आणि पाइप कचेरीमागे पडून होता. पाण्याला नाही तर न्हाण्याला तरी लागेल, ऐसे म्हणून ठराव एकमते मंजूर जाहला.

उंची किती, हा सवाल येताच हिंमतराव भिंतीस पाठ लावून ताठ उभे राहिले, आणि त्यांच्या खांद्याशी खूण जाहली. येथेच घात. या मुलखी पुरुषांनी अंगणातल्या फरशीवर उभ्याने दोन तांबे ओतावे आणि अंग पुसावे. न्हाणी ती बायकांची. बाईमाणूस दगडावर बसून न्हाते, हे त्या मातबर सभेत एकाच्याही ध्यानी आले नाही, आणि आईस विचारावे कैसे, म्हणोन कोणी विचारिले नाही.

दांडा बसला. बाई आत गेल्या, दगडावर बैसल्या, हात उंच केला, आणि दांडा तरीही हातभर वर राहिला. बाहेर येऊन बोलल्या, "दांडा झ्याक हाय रं हिंमत. लुगडी वाळत घालाया."

चेअरमन नामोहरम जाहले आणि दुसऱ्या सभेची नोटीस काढा, ऐसे आम्हांस फर्माविते जाहले. तेव्हां सत्यभामाबाई, ज्यांनी चार पुरुषांपुढे आजवर अक्षर काढिले नव्हते, त्या पदर सावरून म्हणाल्या, "सभा कशाला? आत्याबाईंच्या हातालाच इचारा की."

मग त्यांनी वाटीत गेरू कालविला, सासूबाईंस आत नेले, दार लोटिले, दगडावर बसविले, हात गेरूत बुडविला आणि सांगितले की, रोज उठता तैशाच उठा. बाई उठल्या. भिंतीवर एक पंजा दगडाच्या बाजूस, गुडघ्याहून थोडा वर उमटला. दुसरा उंबऱ्यापाशी, कमरेच्या उंचीस. मग पुरुष आत गेले. हिंमतरावांनी त्या पंजाशेजारी आपला पंजा ठेविला. आईचा हात एवढा लहान आहे, हे त्यांस ठाऊक नव्हते.

पाइपाचे दोन तुकडे जाहले, आणि जेथे पंजे तेथे दांडे बसले. परंतु सिमेंटास पाणी पाजल्याविना ते धरीना, आणि दिवसाआडचा टँकर नेमका बिघडून बसला होता. तेव्हां धुरपदाबाईंनी आपल्या वाट्याची घागर पुढे केली. "माझं काय, येवढे दिस पारोशी हाय, आनी चार दिस. भिंतीला पाजा." बाईंची घागर भिंत प्याली.

पाचवे दिवशी सकाळी टँकर आला. बाई नवी घागर घेऊन न्हाणीत शिरल्या. अंगणात चेअरमन, पैलवान, सुतार आणि बखरकार श्वास धरून उभे. आत खट्‌ ऐसा आवाज जाहला. कडी लागली. मग तांब्या वाजला, मग पाणी, आणि मग बराच वेळ काही नाही, आणि हिंमतरावांनी दाराकडे पाऊल टाकिले. इतक्यात आतून फर्मान सुटले:

"अंगनात कोन कोन हुबं हाय? बाईमानूस न्हातंय तिथं सभा भरिवता व्हय? जावा आपापल्या घरला!"

फौज पांगली. चेअरमन आघाडीस होते.

येणेप्रमाणे ज्येष्ठ मासी फत्ते जाहली. जुन्या दांड्याच्या वरल्या भोकांत बलभीमांनी बाभळीच्या खुंट्या ठोकिल्या, त्यांवर बाईंचे लुगडे असते. दांड्यांखालील गेरूचे पंजे पुसू नयेत, ऐसे हिंमतरावांनी ठरविले, आणि त्यास सभा बोलाविली नाही, सत्यभामाबाईंस विचारिले. मातोश्री रोज आपल्या आपण बसतात, आपल्या आपण उठतात. कडी आतून असते.