व्होल्गाला धुरी

तोलोमुशची बायको बुरुल गेल्याचा दवाखान्यातून निरोप आला, त्या दिवशी अंगणात शोकाचा तंबू उभारायला जागा हवी होती. म्हणून शेजाऱ्यांनी तिची व्होल्गा ढकलत मागच्या शेडमध्ये नेली. गाडी बुरुलला वडिलांकडून आलेली. तेलपाणी, पुसणं, हिवाळ्यात ठोकळ्यांवर चढवणं, सगळं तीच करायची. तोलोमुशने गाडीवर घरातले लोकरीचे तीन जाड नमदे घातले. "माणूस उबेत टिकतो, मग लोखंड का नाही टिकणार?" असं म्हणून त्याने दार लावलं.

वसंतात नारिनहून बुरुलच्या आत्याचा, कालिपाचा, फोन आला.

"तोलोमुश, दुपारच्या बसने येतेय. माझ्या भावाची गाडी बघायचीय. नीट ठेवली नसशील तर ओढून घेऊन जाईन."

"या की आत्या. गाडीतूनच गाव फिरवतो तुम्हाला."

मग तो शेडमध्ये गेला. खालचा नमदा ओला होऊन पत्र्याला चिकटला होता. मागच्या सीटमध्ये उंदरांचा संसार थाटलेला. तोलोमुश डगमगला नाही. नवी सून येवो की नवा घोडा, आर्चाच्या झाडाच्या फांद्यांची धुरी दिली की इडापिडा पळते. इडापिडा पळते तर उंदीर काय चीज आहे? त्याने तव्यात फांद्या पेटवल्या, तवा गाडीत ठेवला आणि धूर वाया जाऊ नये म्हणून शेडचं दार आतून लावून घेतलं.

थोड्या वेळाने तो बाहेर आला तो कमरेवर हात ठेवून, वाकलेला, डोळ्यांतून धारा, घशातून घरघर.

कुंपणापलीकडे जुमाश बटाट्यांसाठी अंगण खणत होता. इथे काराकोलमध्ये माणूस आपल्या दारात असा उभा राहतो तो एकाच कारणासाठी: घरातलं कुणीतरी गेलं म्हणून. जुमाशने फावडं टाकलं, टोपी सारखी केली आणि रिवाजाप्रमाणे फाटकापासूनच मोठ्याने रडत आला. रडत आलेल्याला रडूनच सामोरं जायचं असतं. तोलोमुशला वाटलं, बिचाऱ्या जुमाशकडचं कुणीतरी गेलं. त्याने जुमाशला मिठी मारली आणि गळा काढला. कोण गेलं, हे दोघांनीही विचारलं नाही. रडणाऱ्याला तसं विचारत नाहीत.

आवाज ऐकून गल्ली जमली. बायकांनी चहाचा समोवार पेटवला.

"कोण गेलं गं?"

"नारिनची आत्या असणार. सकाळी तिकडून फोन आला होता."

"चांगली होती हो."

"तू कधी भेटलीस तिला?"

"नाही. पण आता चांगलीच म्हणायचं."

अंगणात तंबू उभा राहिला. तोलोमुशला नवल वाटलं नाही. जुमाशचं अंगण खणलेलं, शेजाऱ्याला एवढं तर द्यायलाच हवं.

"दादा, माझा मेंढा कापू?" जुमाशने विचारलं.

"काप बाबा. घर तुझंच समज."

धूर केव्हाच विरला होता, पण तोलोमुशचं रडणं थांबत नव्हतं. बुरुल गेली तेव्हा तो मांस शिजलं का, पाहुण्यांना चहा मिळाला का, हेच बघत होता. लोक म्हणाले होते, गडी खंबीर आहे.

एवढ्यात फाटकातून आणखी एक रडणं आलं. तंबू पाहून कालिपाआत्याने रस्त्यातूनच सूर लावला होता. 

"आत्याबाई, तुम्ही?" जुमाश म्हणाला.

"मीच. कोण गेलं?"

"तुम्ही."

"मी बसमध्ये होते," आत्या म्हणाली.

सगळ्यांनी तोलोमुशकडे पाहिलं. तोलोमुशने जुमाशकडे बोट दाखवलं. जुमाश म्हणाला, "मी तर ह्याला बघून रडलो."

"मी गाडीला धुरी देत होतो," तोलोमुश म्हणाला.

आत्या शेडमध्ये जाऊन आली.

"नासवलीस गाडी."

"हो."

"आणि धुराने एवढं रडू येतं? कोपऱ्यापर्यंत ऐकू येत होतं."

तोलोमुशने बाहीने डोळे पुसले. आत्याने त्याचे सुजलेले डोळे नीट पाहिले.

"दफनाच्या दिवशी तुझ्या डोळ्यांत टिपूस नव्हतं. तेव्हापासून तुझ्यावर डूख धरून होते मी." तिने रुमालाचं टोक त्याच्या हातात दिलं. "नाक पूस. गाडी इथेच राहू दे. सकाळी आपण दोघं सीट उपसू." मग जुमाशकडे वळून म्हणाली, "आणि माझ्या नावाचा मेंढा कापलाच आहेस, तर वाढ."

तिने दोनदा वाढून घेतलं.

सीट उपसून झाली, पत्राही घासून झाला. इंजिन मात्र अजून सुरू करून पाहायचं राहिलं आहे.