उलट्या हाताची पाचर

घरातल्या कर्त्या बाईला न विचारता सुधन्वाने आपली पिकअप चार इंच उंच करून घेतली, हे विजयालक्ष्मीबाईंना मुळीच पटलेलं नव्हतं. दिल्लीतल्या द्वारकेच्या त्या फ्लॅटमध्ये पडदा बदलायचा तरी त्यांची परवानगी लागे. आणि या पोराने परस्पर गाडीला उंच टाचा लावल्या.

“लुक येतो, आई.”

“लुक तुला येतो. चढायचं मला असतं. नऊवारी नेसून झाडावर चढू?”

त्यात आज स्वरूपाचं, त्यांच्या लेकीचं, डोहाळजेवण होतं, तिच्या सासरी फरीदाबादला. पहिली ओटी आईने भरायची. विहीणबाई आमची गाडी पाठवते म्हणाल्या, तेव्हा विजयालक्ष्मीबाईंनी “आमच्या दारात हत्ती आहे, तुमचं घोडं राहू द्या,” असं ठणकावलं होतं. आता हत्तीवरूनच जाणं भाग होतं.

निघण्याआधी सुधन्वा गाडीखाली शिरला. गाडी उंच केली की इंजिनाकडून मागच्या चाकांकडे जाणारा फिरता दांडा जास्त तिरका होतो आणि गाडी थरथरते. तो कोन सुधारायला मागचा आस आणि त्यावरचे स्प्रिंगचे पाटे यांच्यामध्ये पोलादी पाचरा घालतात. त्याने त्या घातल्या होत्या. खात्री करायला म्हणून नजफगढच्या सतबीर मेकॅनिकला फोन लावला. हात ग्रीसने बरबटलेले, म्हणून फोन आईच्या कानाला.

“माताजी, ड्राइवर की तरफ़ खड़े होके देखो, मोटा सिरा उल्टे हाथ पे रहेगा,” सतबीर म्हणाला.

विजयालक्ष्मीबाई तीस वर्षं दिल्लीत होत्या, पण हिंदी त्यांच्याकडे पाहुण्यासारखी यायची आणि बाहेरच्या खोलीतूनच परत जायची.

“काय म्हणतोय?” गाडीखालून आवाज आला.

“जाड बाजू उलटी घाल म्हणतोय.”

“आत्ता आहे त्याच्या उलटी? यार, मी तर व्हिडिओ बघून बिल्कुल बरोबर लावलीये.”

“मग व्हिडिओच्या कानाला लावायचा होतास फोन. उलटी म्हणजे उलटी.”

सुधन्वाने पाचरा काढल्या, फिरवल्या आणि घामाघूम होत पुन्हा आवळल्या. वॉचमनने पुढे केलेला हात झिडकारून विजयालक्ष्मीबाई स्टुलावरून गाडीत चढल्या आणि ओटीचं ताट मांडीवर घेऊन ताठ बसल्या.

हायवेला लागेपर्यंत सारं ठीक होतं. वेग वाढला तशी गाडी हीव भरल्यासारखी कापू लागली. ओटीचे तांदूळ ताटातून पदरात आणि पदरातून पायाशी गेले.

“अरे, ह-ह-हळू.”

“हळूच चालवतोय, आई.”

“मग ही कु-कुणाला घाबरलीये?”

तेवढ्यात खालून खाडकन आवाज आला. सुधन्वाने गाडी कडेला घेतली. ती पुढे नेण्यात अर्थ नव्हता. आणि विहीणबाईंचा फोन आला.

“विजयाताई, बायका खोळंबल्यात. पाठवू का गाडी?”

विजयालक्ष्मीबाईंनी हत्तीकडे पाहिलं. मग डोळ्यांपुढे पाटावर ताटकळलेली लेक आली.

“पाठवा,” त्या म्हणाल्या. एवढा एक शब्द, पण तोंड काढा प्यायल्यासारखं झालं.

गाडीची वाट बघताना सुधन्वाने सतबीरला पुन्हा गाठलं, या वेळी स्पीकरवर.

“भाई, मैंने उल्टा हाथ बोला था। बायाँ। पच्चर उल्टी लगाने को किसने बोला?”

सुधन्वा हळूच आईकडे वळला. “आई, उल्टा हाथ म्हणजे डावा हात. मी आधी लावली होती तीच बरोबर होती.”

विजयालक्ष्मीबाई पदरातले तांदूळ वेचत राहिल्या. विहीणबाईंची बुटकी गाडी आली. तिच्यात बसायला ना स्टूल लागलं ना कुणाचा हात. ताट सावरून झाल्यावर त्यांनी काच खाली केली आणि लेकाला जवळ बोलावलं.

“धडधाकट डाव्या हाताला उलटा म्हणणाऱ्या गावात घर घेतलं, हा तुझ्या बाबांचा दोष. पण शाळा, नोकरी, लग्न, कशात म्हणून माझं ऐकलं नाहीस, आणि ऐकायला लागलास तो नेमका गाडीखाली. तेव्हा आजची चूक तुझीच.”