राव सरांनी मुद्दाम केलेली चूक

लिफ्टमध्ये राव सरांचा पाय माझ्या पायावर पडला. सॉरी म्हणतील तर ते राव सर कसले! चौथ्या मजल्यापर्यंत विचार करून म्हणाले, "मज खेद आहे, मा. क्षमा मात्र मागत नाही. धक्का लिफ्टनं दिला." संध्याकाळी पाय, लिफ्ट आणि नैतिक जबाबदारी यांवर त्यांच्या ब्लॉगवर दोन हजार शब्द. त्यात माझं नाव 'शेजारीण क'.

मी नाशिकची. गाड्यांच्या कंपनीत नोकरी करते आणि चेन्नईत, वेलचेरीला सरांच्या समोरच्या फ्लॅटमध्ये राहते. सर कायद्याचे निवृत्त प्राध्यापक, एकटेच असतात. घराणं तंजावरकडचं; मराठी जुन्या दस्तऐवजातली, हेल पक्का तमिळ, आणि बाईमाणसाशी बोलताना वाक्यागणिक तमिळ पद्धतीचं 'मा'. सोसायटीच्या झाडाचा कढीपत्ता तोडू का, एवढंच मी एकदा विचारलं. "इथे दोन प्रश्न आहेत, मा," त्यांनी सुरुवात केली. मालकीचा प्रश्न सुटून नीतीचा येईपर्यंत घरात माझी फोडणी करपली होती.

मोठ्या पावसाचा इशारा आला की आमच्या वेलचेरीत लोक गाड्या बुडू नयेत म्हणून उड्डाणपुलावर नेऊन लावतात. तिथे मनाई आहे हे सगळ्यांना ठाऊक असतं. सरांनीही लावली, पण काचेवर चिठ्ठी चिकटवली: 'मी नियम मोडला आहे. कारणे ब्लॉगवर. शिक्षेस तयार.' खाली फ्लॅटचा नंबर! पाणी ओसरलं तरी पोलीस काही आले नाहीत. सर आठवडाभर खट्टू. "शिक्षा नाही म्हणजे लेख अपुरा की, मा."

ब्लॉगवर त्यांचे जुने विद्यार्थी 'ग्रेट, सर' लिहून पळ काढतात. खरा वाचक एकच, कोलकात्याचे प्राध्यापक घोषाल. गेली बारा वर्षं दोघं भांडताहेत आणि भेट एकदाही नाही. सकाळी सरांचा लेख आला की दुपारच्या आत घोषाल त्याची सालटी काढतात. मग सर लालबुंद होऊन माझी बेल वाजवतात. "अय्यो, हा मनुष्य वाचतो तरी का?" म्हणत आपलं उत्तर मला वाचून दाखवतात. दोघांचं एकमत एकाच गोष्टीवर: कायद्यात बसलं म्हणजे योग्य झालं, असं नव्हे.

गेल्या महिन्यात एका रविवारी सरांनी नेमकं याच्या उलट लिहिलं. जे कायदेशीर, ते योग्यच! मी तशीच समोर गेले.

"सर, हे काय? पहिल्या वर्षाचं पोरही यातली चूक काढेल."

"चूकच आहे. मुद्दाम घातली." त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही. "घोषाल महिनाभर बोलला नाही, मा. हे वाचून तो अंथरुणातूनही उठेल, म्हटलं."

लेखाखाली सात 'ग्रेट, सर' जमले होते.

"फोन करा ना."

"नंबर आहे. पण दुसऱ्याच कुणी उचलला तर?"

शेवटी नंबर मीच लावला, स्पीकरवर.

फोन दुसऱ्यानंच उचलला, घोषालांच्या मुलीनं. सरांनी खुर्चीचा हात घट्ट धरला. ती सांगू लागली: बाबांचा उजवा हात लुळा पडलाय. वाचाही गेली होती, आता कुठे चार शब्द येतात. पण तुमचा ब्लॉग मी रोज वाचून दाखवते. आजचा ऐकल्यापासून फार चिडलेत. देऊ का त्यांना?

मग एक जड, अडखळता आवाज आला. एकेक इंग्रजी शब्द सुटा करत घोषालांनी पहिल्या परिच्छेदातली चूक सांगायला घेतली. सरांनी लॅपटॉप पुढे ओढला आणि स्वतःच्याच लेखाखाली, घोषालांच्या नावानं, स्वतःविरुद्ध टाइप करू लागले. डोळ्यांतून पाणी वाहत होतं, ते पुसायला हात मोकळा नव्हता.

"सावकाश, घोषाल," ते म्हणाले. "एकही मुद्दा सोडू नका."