पायचीत झालेल्यांच्या घरी

आमचे जज्जसाहेब शुक्रवारी सकाळी एखाद्याला आउट द्यायचे आणि संध्याकाळी त्याच्या घरी जाऊन का आउट दिलं ते समजावून सांगायचे. सोबत मला न्यायचे, कारण साहेबांना इंग्रजीशिवाय काही येत नव्हतं आणि आमच्या खेळाडूंना इंग्रजी सोडून बाकी सगळं येत होतं.

ही बहारीनमधली गोष्ट, सत्तरच्या दशकाच्या अखेरची. मी वसईचा परेरा, कोर्टाच्या कचेरीत टायपिस्ट. साहेब तिथले वरिष्ठ न्यायाधीश. आधी लंडनला वकिली, मग आफ्रिकेतल्या दोन वसाहतींत न्यायासन. इंग्रजांच्या हातून एकेक देश गेला की साहेबांना बढती मिळते, असं आम्ही त्यांच्या पाठीमागे म्हणायचो. नावाच्या पुढेमागे इतक्या पदव्या की टाइप करताना ते एका ओळीत कधी मावलं नाही.

मुहर्रकला विमानतळाजवळच्या रेताड जागेवर चटई अंथरून आम्ही खेळायचो. वसईचे ख्रिस्ती, रत्नागिरी-रायगडचे मुसलमान, आणि पंच म्हणून साहेब, त्या उन्हातही टाय लावून. अपील झालं की डोक्यावरचं विमान निघून जाईपर्यंत थांबायचे, मग विचार करायचे, मग बोट वर.

त्रिफळा उडाला तर काही भानगड नव्हती. पायचीत झालात की मात्र संध्याकाळी साहेब दारात उभे. "दोन मुद्दे आहेत," अशी सुरुवात. मुद्दे कधीच दोन नसत. घरातला झाडू ही बॅट, कांदा हा बॉल. एकदा हेन्रीच्या घरी गेलो तर त्याच्या बायकोने प्रार्थना सुरू केलेली. साहेब निमूटपणे बूट काढून गुडघ्यांवर बसले आणि आमेन झाल्याबरोबर तिच्याकडे झाडू मागितला. शेजारीपाजारी दारात जमलेले. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. पुढे पुढे तर बॉल पायाकडे येताना दिसला की लोक पाय काढून घ्यायचे आणि खुशाल त्रिफळा उडू द्यायचे.

सगळं सांगून झालं की साहेब विचारायचे, "समजलं?"

समोरचा म्हणायचा, "येस सर."

याचं भाषांतर करावं लागत नसे. गावाहून नव्याने आलेल्या प्रत्येकाला मीच शिकवून ठेवलेलं. साहेब काही बोलला की येस सर, अरब काही बोलला की इंशाल्ला. व्हिसाला धक्का लागत नाही. या शहाणपणाची मला तेव्हा मोठी ऐट होती.

इब्राहीम मात्र माझ्या शाळेतला नव्हता. दापोलीकडचा, गोदीत वेल्डर. सेमीफायनलला चार धावा हव्या असताना साहेबांनी त्याला पायचीत दिलं आणि आम्ही हरलो. बॅट तिथेच टाकून तो निघून गेला. पुन्हा खेळणार नाही म्हणाला, आणि तो बोलल्याप्रमाणे वागणारा माणूस होता.

संध्याकाळी आम्ही जिदहफ्सला त्याच्या खोलीवर. खाटेवरून तो उठलासुद्धा नाही. साहेबांनी झाडू घेऊन सगळं करून दाखवलं आणि विचारलं, "समजलं?" इब्राहीम गप्प. साहेबांनी पुन्हा पहिल्यापासून सांगितलं. तरी गप्प. मी त्याच्या कानाशी जाऊन म्हटलं, "बाबा, येस सर म्हण आणि सोडव आम्हाला."

"मिस्टर परेरा," साहेब इंग्रजीत म्हणाले, "मराठी मला येत नाही. पण तुम्ही त्याला काय म्हणायला सांगितलंत ते कळलं."

माझे कान तापले. साहेबांनी झाडू भिंतीला लावला आणि खाली चटईवर बसले. "आता मी सांगतो ते जसंच्या तसं सांगा," म्हणाले.

आफ्रिकेत असताना त्यांनी एका माणसाला फाशीची शिक्षा सुनावली होती. दुभाष्याने ती सांगितली. साहेबांनी विचारलं, समजलं? तो म्हणाला, येस सर, आणि वाकून आभार मानले. साहेब जेवायला गेले. संध्याकाळी तुरुंगातून निरोप आला की हा माणूस गावाकडची गाडी कधी सुटते ते विचारतोय.

"त्याने गुन्हा केला होता?" मी विचारलं.

"केला होता. प्रश्न तो नाही. घरी चाललोय असं समजून त्याने माझे आभार मानले आणि मी ते घेतले. याची मला अजून लाज वाटते, मिस्टर परेरा."

हे मला मराठीत सांगायचं होतं. सांगताना दोनदा अडलो. तो दुभाषी दिसायला कसा असेल ते मला चांगलं ठाऊक होतं. रोज आरशात बघत होतो.

इब्राहीम खाटेवरून उठला. मग म्हणाला, "सायबाला सांग, मना नाय समजला. बॉल पयला बॅटीला लागला. मना लय राग आलाय तुमचा."

मी एक शब्दही न गाळता सांगितलं. साहेब उठले आणि झाडू त्याच्या हातात दिला. "दाखव." इब्राहीमने दाखवलं. तावातावाने, कोपर उडवून, साहेबांच्या टायला कांदा लावून. साहेबांनी मान हलवली. "माझ्या जागेवरून हे दिसलं नव्हतं. चूक माझी असेल."

इब्राहीमने तोंड वाकडं केलं, पण भात टाकला. माशांच्या कालवणाशी साहेब काट्यांसकट झुंजले. "येत्या शुक्रवारी लवकर या, चटई घट्ट ठोकायचीय," इब्राहीम म्हणाला, तेही माझ्याकडे बघून.

खाली आल्यावर साहेब गाडीत बसले, पण गाडी सुरू करेनात. मला वाटलं, इब्राहीमच्या उद्धटपणाने दुखावले असतील. मी त्याच्या वतीने माफी मागायला लागलो.

"नको," ते म्हणाले. "बायको गेल्यापासून माझ्यावर कुणी रागावलंच नव्हतं."