मफलर संपता संपेना

"बारा महिने, बारा वस्तू! आणि सगळ्या स्वतःच्या हाताने!"

एक तारखेच्या सकाळी पाणीपुरवठा कार्यालयातल्या हेडक्लार्कनी नवी कोरी वही बायकोसमोर अशी आपटली, की चहा बशीत आला. जानेवारीत सासऱ्यांसाठी मफलर, फेब्रुवारीत मातीचा वाडगा, मार्चमध्ये लाकडी स्टूल, असं करत करत डिसेंबरात थेट टेबलावरचा दिवा! नातेवाईक त्यांना संकल्पराव म्हणायचे, ते काही उगीच नाही. गेल्या वर्षीची बासरी माळ्यावर होती, त्याआधीचे रंग डबीत वाळून खडे झाले होते आणि पळायचे बूट घालून बायको भाजी आणत होती.

"अहो, बाल्कनीतला तो कोपरा तुमच्या कलेसाठी तीन वर्षं अडवून ठेवलाय," बायको म्हणाली. "एकतीस तारखेपर्यंत मफलर पूर्ण झाला तर कोपरा तुमचा. नाहीतर तिथे माझं वॉशिंग मशीन येणार."

"मंजूर!"

महिनाभर राहायला आलेल्या सासूबाईंनी चष्म्यावरून पाहिलं. या बाईंनी अख्ख्या खानदानाला स्वेटर घातलेले. "जावईबापू, अडलं तर विचारा हो."

"त्यात अडायचं काय, आई? दोन सुया आणि एक धागा!"

विणकामाचा वर्ग चार दिवसांचा होता. पहिल्या दिवशी टाके घालायला शिकवले, दुसऱ्या दिवशी विणायला. "बाई, पुढचं माझं मी बघतो!" असं सांगून संकल्पराव तिसऱ्या दिवशी घरीच लोळले. टाके बंद कसे करायचे, हे चौथ्या दिवशी शिकवतात, ते त्यांना कळलं पंधरा तारखेला. मफलर गळाभर झाला होता. त्यांनी ऐटीत सुई उपसली आणि बघता बघता चार ओळी उसवल्या! घाम पुसत त्यांनी टाके पुन्हा सुईवर चढवले. मोबाइलवर शोधलं, तर त्यातली बाई डावखुरी! तिचं बघून करायला गेले, तर बोटंच एकमेकांत अडकली.

आता सासूबाईंना विचारायचं? छे! विणणं थांबवलं, की त्या विचारणार, "झाला का?" म्हणून संकल्पराव थांबलेच नाहीत. विणत राहिले.

"अहो, माझ्या बाबांची मान जिराफाची नाही!" बायको म्हणाली.

"लांब मफलरची फॅशन आहे!"

पुढे ते मफलर पिशवीत घालून ऑफिसलाही नेऊ लागले. जेवणाच्या सुट्टीत शिपायाने तो मोजला. दारापासून पाण्याच्या माठापर्यंत भरला!

"विक्रम करताय ना, भाऊसाहेब?"

खरं सांगायची ही शेवटची संधी होती. पण छाती फुगली की अक्कल आत मावत नाही. "बघू या," संकल्पराव गूढ हसत म्हणाले.

झालं! तासाभरात ही बातमी साहेबांपर्यंत पोचली. एकतीस तारखेला नव्या रेकॉर्ड रूमचं उद्घाटन होतं. साहेब खूश! "फीत विकत कशाला आणायची? आपल्या माणसाच्या हातचा मफलर बांधा!"

एकतीस तारखेला दारात मफलर बांधला गेला, एका टोकाला सुई तशीच लोंबकळत. साहेबांनी कात्री उचलली आणि संकल्पराव पुढे धावले.

"साहेब, कापू नका! सासऱ्यांचा आहे!"

साहेब मनाने मोठे. "बरं बरं, नुसता बाजूला सारतो." त्यांनी मफलर सारला, आणि त्यांची नजर सुईवर गेली. "अहो, ही कुणाच्या डोळ्यात जाईल!" असं म्हणून त्यांनी सुई सुळकन ओढून काढली. तिच्याजवळचा धागा त्यांच्या घड्याळाच्या पट्ट्यात अडकला आणि साहेब हात मागे बांधून रेकॉर्ड रूम बघायला निघाले.

पहिलं कपाट, दुसरं कपाट... मागे मफलर सरसर उसवतोय! संकल्पराव गुडघ्यांवर रांगत धागा गोळा करतायत! हाही कार्यक्रमाचाच भाग समजून लोकांनी टाळ्या वाजवल्या. चौदा कपाटांना वेढे घालून साहेब दारात परतले, तेव्हा संकल्परावांच्या हातात तळहाताएवढा तुकडा उरला होता. वर्गाच्या दुसऱ्या दिवशी वैतागून मारलेल्या एका गाठीने तेवढा वाचवला.

घरी आले तर बाल्कनीत वॉशिंग मशीन हजर! बायकोने ते दोन तारखेलाच दुकानात सांगून ठेवलं होतं.

संकल्परावांना रडू यायचं बाकी होतं. ते सासूबाईंच्या पुढ्यात बसले. "आई, मला टाके बंद करता येत नाहीत."

"मला पंधरा तारखेपासून ठाऊक आहे," त्या म्हणाल्या. "तुम्ही कधी विचारताय, तेवढीच वाट बघत होते."

तीन मिनिटांत त्यांनी शिकवलं. तीन मिनिटांत! संकल्परावांनी तो तुकडा स्वतःच्या हाताने बंद केला. आयुष्यात पहिल्यांदा त्यांची एक वस्तू पूर्ण झाली होती. त्यांनी ती उलटीपालटी करून चारदा पाहिली.

तेवढ्यात बायकोने मशीन सुरू केलं. ते धाडधाड नाचत थेट दारापर्यंत आलं! बाल्कनीची एक फरशी खचलेली होती. संकल्परावांनी मशीन जागेवर ढकललं आणि खचलेल्या फरशीवरच्या पायाखाली तुकडा सरकवला. मशीन एकदम शांत!

बायको चक्क हसली. संकल्परावांची छाती पुन्हा फुगू लागली. त्यांनी वही काढून जानेवारीपुढे बरोबरची भली मोठी खूण केली.

"अहो कलावंत," बायको आतून म्हणाली, "जेवणाचं टेबलही डुगडुगतंय हं. आणि पुस्तकांचं कपाटसुद्धा."

संकल्परावांनी मुकाट्याने वाडगा खोडला आणि लिहिलं, 'फेब्रुवारी: टेबलाचा डावा पाय.'